‘आकाशवाणी रत्नागिरी, १९७८’ : एक बनावट पुरस्कार-थाळी

जुने रेडिओ, परवाने, कार्यक्रमपत्रिका असलं काही गोळा करणारे रत्नागिरी-सिंधुदुर्गात बरेच आहेत. त्यांच्यासाठी हे लिहितोय. सध्या एक माणूस चिनी मातीच्या ‘पुरस्कार-थाळ्या’ विकत फिरतोय. त्यातली एक त्याने १८ हजारांना माझ्या गळ्यात मारली.

थाळी दिसायला सुरेख. कडेला सोनेरी रेघ, मधे हाताने रंगवलेला मायक्रोफोन, मागे माड आणि खाडीतलं गलबत. खाली सोनेरी अक्षरांत ‘उत्कृष्ट निवेदन, आकाशवाणी रत्नागिरी, १९७८’. सोबतची कहाणीही तितकीच रंगवलेली. वेंगुर्ल्याकडे घर बंद, मुलं मुंबईला, म्हातारे निवेदक वारले, आता घर विकायला काढलंय. थाळी म्हणे सावंतवाडीच्या चिताऱ्याने रंगवलेली. फोनवर पक्की मालवणी : “मुंबयचो गिऱ्हाईक दुप्पट देता, पण वस्तू कोकणातच रवांदे असा म्हाताऱ्याच्या मनात होता.” बंद घरांची गोष्ट आपल्याकडे कुणाला खोटी वाटणार? प्रत्येक वाडीत कुलपं दिसतात.

सालही त्याने डोकं चालवून निवडलेलं. रत्नागिरी केंद्र सुरू झालं १९७७ मध्ये, म्हणजे १९७८ चा पुरस्कार सहज पचतो. फोटो भरपूर पाठवले, पण थाळीच्या पाठीवर नेमकी एक पिवळट चिठ्ठी चिकटवलेली, आणि सोबतच्या गौरवपत्राचा फक्त खालचा अर्धा भाग दाखवलेला, सही-शिक्क्याचा. पूर्ण पत्र वस्तूबरोबरच मिळेल म्हणाला. निम्मे पैसे आधी ऑनलाइन, निम्मे एसटी स्टँडवर रोख. त्या दिवशी पाऊस कोसळत होता. “हयसर उघडू नकात, भिजतला,” म्हणत त्याने चिकटपट्टीने गच्च आवळलेला खोका हातात दिला आणि गाडी लागली म्हणून सटकला.

घरी पत्र उघडलं. तारीख १९७८ ची आणि पत्ता ‘मु. पो. वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग’. सिंधुदुर्ग जिल्हा झाला १ मे १९८१ ला. तोवर वेंगुर्लं, कुडाळ, मालवण सगळं रत्नागिरी जिल्ह्यात. माझ्याकडे त्या बाजूच्या घरांतून आलेल्या रेडिओ-परवान्याच्या पुस्तिका आहेत. पूर्वी रेडिओ ठेवायला परवाना लागायचा, तो पोस्टात दरवर्षी नवा करून घ्यायचा आणि पुस्तिकेवर पोस्टाचा शिक्का पडायचा. सत्तरच्या दशकातल्या एकूणएक पुस्तिकेवर ‘जि. रत्नागिरी’ आहे. गौरवपत्राच्या खाली जो गोल शिक्का मला फोटोत पुसट दिसला होता, तो भिंगाखाली वाचला तर ‘प्रसार भारती’! आकाशवाणी आणि दूरदर्शन चालवणारी ही संस्था स्थापन झाली १९९७ मध्ये. केंद्राचं साल ज्याला माहीत, त्याला जिल्ह्याचं आणि प्रसार भारतीचं माहीत नसावं, याची मला अजून गंमत वाटते. रागही येतो, पण गंमत जास्त.

मग थाळीकडे वळलो. चिनी मातीवर चकाकीच्या (ग्लेझच्या) थरावर केलेलं रंगकाम पुन्हा भट्टीत भाजतात, साधारण ७०० ते ८०० अंशांना. रंग चकाकीत वितळून बसतो. वर्षानुवर्षं घासून सोनेरी रेघ झिजेल, पण नखांचं पॉलिश काढायच्या द्रवाने ती सुटणार नाही. कापसाचा बोळा त्या द्रवात बुडवून मागच्या कडेला टेकवला तर बोळा सोनेरी, कड पांढरी. पुढे माडाच्या एका झावळीला लावला, ती हिरवी होऊन बोळ्यावर आली. सावंतवाडीच्या गंजिफांवर (हाताने रंगवलेल्या खेळायच्या पत्त्यांवर) आणि लाकडी खेळण्यांवर रंगावर लाखेचा थर देतात, तिथे भट्टी लागत नाही हे खरं. त्याच आधारावर ‘चिताऱ्याने रंगवलेली’ ही थाप बेतलेली. कागदावर, लाकडावर ते काम पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. गुळगुळीत चिनी मातीवर न भाजलेला रंग नखाने उकलतो.

पाठीवरची चिठ्ठी ओल्या फडक्याने भिजवून सोडवली. कागद चहाच्या पाण्यात बुडवून जुना केलेला, कडांना रंग जास्त साचलेला. खाली कारखान्याचा शिक्का, इंग्रजीत : मायक्रोवेव्ह सेफ. १९७८ च्या वेंगुर्ल्यात!

नंबर त्याच संध्याकाळपासून बंद. सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पोलीस ठाण्यात अर्जही दिला. पैसे गेले ते खातं तिसऱ्याच कुणाच्या नावावर निघालं. रोख दिलेल्या रकमेचा तर पुरावाच नाही, आणि म्हणूनच हे लोक निम्मे रोख मागतात.

त्यानंतर चिपळूणच्या एका मित्राला फोटो आला. तोच मायक्रोफोन, तेच गलबत, मजकूर मात्र ‘मुंबई दूरदर्शन, १९७१’. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. मित्राने पाठीचा, चिठ्ठी काढलेला फोटो मागितला. “चिठ्ठी काढलंय तर किंमत जाता” असं उत्तर आलं. मग त्याने गौरवपत्र पूर्ण दाखवा म्हटलं, तर पलीकडून उत्तरच नाही.

तुम्हाला असली थाळी कुणी दाखवली तर पत्र वरपासून खालपर्यंत मागा, पाठ उघडी मागा, आणि खोका तिथेच, त्याच्यासमोर उघडा. पाऊस असला तर स्टँडच्या छपराखाली. माझ्याकडच्या पत्राची झेरॉक्स ठेवली आहे. अक्षर गोलसर आहे, ‘र’ची शेपटी लांब काढायची सवय दिसते. ताडून बघायची असेल तर देईन.