ऑर्गनच्या पेडलची कुरकुर आणि गुलमंडीतील एक दुरुस्तीचे दुकान

छत्रपती संभाजीनगरात गुलमंडीकडून औरंगपुऱ्याकडे जाताना लागणाऱ्या एका गल्लीत पेट्या, तबले आणि पायाने वाजवायचे जुने ऑर्गन दुरुस्त करणारे एक लहानसे दुकान आहे. दुकानावर पाटी नाही, पण ‘पेटीवाले काका’ म्हणून विचारले की शेजारचा कोणताही दुकानदार वाट दाखवतो. जालन्यातील आमच्या संगीत मंडळाचा ऑर्गन पेडलच्या कुरकुरीसाठी आम्ही तेथे नेला होता. मराठवाड्यात ज्या मंडळांकडे, मंदिरांत किंवा घरांत असे ऑर्गन अजून आहेत, त्यांच्या उपयोगी पडावा म्हणून हा अभिप्राय जरा सविस्तर लिहीत आहे.

गंधर्व नाटक मंडळी १९१३ साली उभी राहिली आणि त्या काळात ऑर्गनचा भरदार, लांबत जाणारा स्वर मराठी नाट्यसंगीताच्या साथीचा अविभाज्य भाग झाला. पुढे बोलपट आले, नाटक कंपन्या बंद पडत गेल्या आणि ही वाद्ये हस्ते परहस्ते गावोगावी पोहोचली. त्यांचे सूर, म्हणजे हवेने कंप पावून आवाज देणाऱ्या पट्ट्या, पितळी असल्यामुळे पुष्कळदा शाबूत राहतात. आधी थकतो तो पायाकडचा भाग. पेडलची कुरकुर ही किरकोळ तक्रार आहे असे अनेकांना वाटते, परंतु वाजवणाऱ्याला तसे म्हणता येत नाही. गायक मंद्र षड्जावर हलक्या आवाजात थांबलेला असतो, तबला शांत असतो आणि नेमकी त्याच वेळी प्रत्येक पावलागणिक ‘कुर्र’ ऐकू येते. शिवाय ती टाळण्यासाठी वादक बिचकत पाय मारू लागला की भात्यातील हवेचा ओढा कमीजास्त होतो आणि स्वर डगमगतो, म्हणजे पेडलमधला दोष शेवटी गाण्यात उतरतो.

याआधी एका ठिकाणी आम्ही हे काम करून घेतले होते. तेथे दोन्ही पेडलच्या सांध्यांत भरपूर मशीन ऑइल सोडण्यात आले. काही दिवस ऑर्गन गप्प राहिला, मग त्या तेलावर धूळ बसून त्याचा चिकट थर झाला आणि आवाज पूर्वीपेक्षा खरखरीत येऊ लागला. तेल हा उपाय मुळातच वाईट आहे असे नाही. पेडल स्टील गिटार या तारवाद्यात पेडल दाबले की सळई ओढली जाते, तिच्यामुळे तारेचा ताण बदलतो आणि स्वर चढतो किंवा उतरतो. तेथे धातूवर धातू घासत असल्यामुळे नेमक्या सांध्यावर दिलेला हलक्या तेलाचा एक थेंब पुष्कळदा पुरतो. ऑर्गनच्या पेडलचे काम केवळ भाता ओढण्याचे आहे आणि त्याच्या वाटेत लाकूड, चामडे, सुती पट्टा व लोकर येतात. या चारही वस्तू तेल पितात. त्याने चामडे मऊ पडून ताणले जाते आणि पट्टा खराब होऊ लागतो.

पेटीवाले काकांच्या दुकानात मला सर्वांत मोलाची वाटली ती त्यांची तपासणीची पद्धत. आम्ही तेलाचा विषय काढताच ते म्हणाले, “सर, आवाज कुठून येतोय ते आधी कळू द्या. तेल काय, कधीबी टाकता येतं.” त्यांनी कोणालाही ऑर्गनवर बसू दिले नाही. खालची फळी काढून त्यांनी एक पेडल हाताने सावकाश दाबले, दुसरे स्थिर धरायला लावले आणि एक बारीक लाकडी पट्टी कानाला लावून तिचे दुसरे टोक एकेका सांध्यावर टेकवत गेले. नंतर पेडलपासून भात्यापर्यंत जाणारा पट्टा सोडवून पेडल नुसतेच हलवून पाहिले. डावे पेडल तरीही कुरकुरले, म्हणजे त्याचा दोष टाचेकडच्या बिजागरीत होता. उजवे मात्र पट्टा सुटताच शांत झाले, म्हणजे त्याचा आवाज वरच्या बाजूने येत होता. ज्या लाकडी रुळावरून पट्टा फिरतो, त्या रुळाचा लोखंडी आस ज्या भोकात बसतो ते भोक झिजून लांबट झाले होते. याखेरीज एक तिसरा, अगदी पुसट आवाज होता. भाता उघडल्यावर कळले की पेडल परत वर आणणाऱ्या स्प्रिंगचे टोक आपल्या खाचेत घासत होते. एकाच ‘कुर्र’मध्ये तीन वेगवेगळ्या जागा दडलेल्या होत्या आणि आमच्यापैकी कोणालाही त्या वेगळ्या ऐकू आल्या नव्हत्या.

दुरुस्तीही तितकीच नेमकी झाली. बिजागरीचे सैल स्क्रू काढून त्यांच्या भोकांत सरस लावलेल्या सागवानी खुंट्या ठोकल्या, सरस पूर्ण वाळू दिला आणि मग त्याच मापाचे नवे स्क्रू बसवले. लांब स्क्रू आवळून वेळ मारून नेता आली असती, पण जुनी फळी त्याने चिरण्याचा धोका होता. आसाच्या भोकाला लोकरी फेल्टचे अस्तर दिले आणि त्यात शिसपेन्सिलीच्या शिशाची, म्हणजे ग्राफाइटची, कोरडी पूड चोळली. स्प्रिंगच्या टोकाखाली पातळ चामड्याचा तुकडा चिकटवला. तेल प्यालेले पट्टे बदलून पलंगाला लावतात तशी जाड सुती नवार कापून बसवली. काढलेले सगळे जुने भाग त्यांनी पिशवीत घालून आम्हाला परत दिले. जाता जाता दोन सूर लावून देण्याची विनंती केली, तेव्हा त्या कामाला वेगळा हात लागतो असे सांगून त्यांनी ती सरळ नाकारली. या नकाराने माझा त्यांच्यावरील विश्वास वाढला.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. कामाचा अंदाज लेखी मिळत नाही आणि सांगितलेल्या दिवशी वाद्य तयार असेलच असे नाही; आमचे काम आठवडाभर लांबले. काका शहराबाहेर येत नाहीत, त्यामुळे जालन्याहून छोटा हत्ती करून ऑर्गन नेणे-आणणे भाग पडले आणि नवार व फेल्टसह १,८०० रुपयांच्या दुरुस्तीपेक्षा वाहतुकीलाच अधिक पैसे लागले. पेडलवरचा फाटका गालिचाही तसाच राहिला.

आता दोन्ही पेडल निःशब्द चालतात. नवे फेल्ट दबेपर्यंत सुरुवातीला एक मऊसा ‘धप्’ जाणवत असे, तोही गेला. आपल्याकडच्या चाळिशीपार जाणाऱ्या उन्हाळ्यात लाकूड आकसून स्क्रू ढिले होतात आणि पावसाळ्यात लोखंड गंजते, म्हणून दोन्ही ऋतू सरताना खालची फळी काढून पाहावी, असे काकांनी बजावले आहे. फेल्टला कसर लागू नये म्हणून आत डांबराच्या गोळ्या ठेवायच्या आणि पेडलची फट वाजवणे संपताच झाकायची, कारण भात्याच्या चामड्यासाठी उंदीर तेथूनच आत शिरतात. ही अडचण इतकी जुनी आहे की एकोणिसाव्या शतकातील अमेरिकी ऑर्गनांच्या जाहिरातींत उंदीर शिरू न देणारी पेडल हा खास गुण म्हणून मिरवला जाई. ज्यांना आपले वाद्य येथे न्यायचे असेल त्यांनी ते श्रावणाच्या बरेच आधी न्यावे; सप्ताह आणि गणेशोत्सव जवळ आले की दुकानात पेट्यांची रीघ लागते आणि ऑर्गनसारख्या मोठ्या वाद्याला जमिनीवर जागाही उरत नाही.