काळी ट्रॅक पँट ऑफिसात चालेल का? तीन कापडांची पारख

आधी निकाल सांगतो. रोमा कापडाची, निमुळत्या पायाची आणि घोट्याशी रिब (आवळणारी लवचीक पट्टी) नसलेली काळी पँट घ्या. ऑफिस, बँक, पालकसभा, संध्याकाळचं चालणं, सगळीकडे ती शोभते. फोर-वे लायक्राची, म्हणजे उभ्या-आडव्या दोन्ही बाजूंनी ताणल्या जाणाऱ्या कापडाची पँट व्यायामाला उत्तम, पण ती घालून बाहेर पडायचं तर वर लांब काहीतरी हवंच. टेरी कॉटनची (आतून बारीक फासे असलेल्या सुती कापडाची) जॉगर सगळ्यात मऊ, पण ती घरातच बरी.

हा फरक किमतीमुळे पडत नाही, विणीमुळे पडतो. रोमा हे दुहेरी विणीचं निट, म्हणजे टीशर्टसारखं फाशांनी विणलेलं कापड. पॉलिएस्टर, व्हिस्कोस (लाकडाच्या लगद्यापासून काढलेला तंतू) आणि थोडं स्पँडेक्स (रबरासारखा ताणला जाणारा धागा), वजन साधारण 250 ते 320 जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला तितके ग्रॅम. या वजनामुळे कापड पायाला चिकटत नाही, सरळ खाली पडतं. खिशात मोबाइल ठेवला तरी बाजू लोंबत नाही. व्हिस्कोसमुळे चमकही दबते, म्हणून चार हातांवरून ती फॉर्मल पँटच वाटते. काही पँटींना पुढे इस्त्रीच्या घडीच्या जागी बारीक चुण शिवलेली असते. मिळाली तर तीच उचला, कारण निटवर इस्त्रीची घडी दिवसभर टिकत नाही आणि शिवलेली घडी धुऊनही जात नाही.

रोमाचे दोष दोन. मांड्यांमध्ये घासून गोळे येतात: व्हिस्कोसचे तंतू सुटतात आणि पॉलिएस्टरचे चिवट तंतू त्या गोळ्यांना धरून ठेवतात, गळू देत नाहीत. दुसरं म्हणजे जुलैत ती लवकर वाळत नाही. मुंबई-कोकणात राहणाऱ्यांनी पावसाळ्यापुरती तरी दुसरी एक जवळ ठेवावी.

फोर-वे कापड याच्या उलट. पंख्याखाली चटकन वाळतं, उठाबशांत अडत नाही. पण त्याचं सूत बहुधा अखंड, गुळगुळीत तंतूचं असतं आणि ट्यूबलाइटखाली ते चकाकतं. दुकानात मोबाइलचा फ्लॅश लावून फोटो काढा. फोटोत मांडीवर पांढरट पट्टा उमटला तर ऑफिसातही तसाच दिसणार. (दुकानदार ताणल्या जाणाऱ्या प्रत्येक कापडाला लायक्रा म्हणतात. खरं तर ते एका ब्रँडचं नाव. धागा स्पँडेक्स, 1958 साली ड्यूपाँट कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी तो तयार केला.)

टेरी जॉगरचं दुखणं गुडघ्यात. निव्वळ सुती निट ताणलं की पूर्ववत होत नाही. खुर्चीत दोन तास बसून उठलात की गुडघ्यावर फुगवटा राहतो आणि तो धुतल्याशिवाय जात नाही. लेबलवर 3 ते 5 टक्के स्पँडेक्स असेल तर हा त्रास बराच कमी होतो. ट्रायल रूममध्ये नुसतं उभं राहून आरशात पाहू नका. दोन मिनिटं उकिडवं बसा, मग उठून गुडघे पाहा. शिवाय कापडाचा 10 सेंटिमीटरचा भाग 13पर्यंत ताणून सोडा. लगेच 10वर आला नाही तर पँट परत ठेवा.

आता घालायचं कसं. पँट व्यायामाची आहे हे तीन ठिकाणी कळतं: नाडी, बाजूचा पट्टा आणि घोटा. नाडी बाहेर लोंबू देऊ नका. नेफ्यात इलॅस्टिक चांगलं असेल तर नाडी ओढून काढूनच टाका. बाजूला पांढरे पट्टे किंवा मोठा लोगो असलेली पँट कितीही चांगल्या शर्टाखाली ट्रॅक पँटच राहते. वर सैल टीशर्ट नको. अंगाला खाली मऊ निट असेल तर वर थोडं कडक, उभ्या-आडव्या धाग्यांनी विणलेलं कापड हवं: लिनन किंवा ऑक्सफर्डचा शर्ट, खादीचा गुडघ्यापर्यंतचा सरळ कुर्ता, नाहीतर अस्तर नसलेलं जॅकेट. कुर्त्याचा चिरा कमरेपर्यंत जाणारा नको, नाहीतर चालताना नेफा दिसतो. पायात एकरंगी, पातळ तळाचे स्निकर्स किंवा लोफर. जाड तळाच्या धावायच्या बुटांनी सगळी मेहनत वाया जाते.

लांबी बुटाच्या वरच्या कडेला जेमतेम टेकेल इतकीच. घोट्याशी चुण्या जमल्या की पँट मागून आणलेली वाटते. टेलरकडे देताना बॉटम सपाट मोजून 6 ते 6.5 इंच सांगा, पण आधी टाच त्यातून जाते का ते पाहा. बॉलपॉइंट (गोलसर टोकाची) सुई आणि झिगझॅग शिलाई हवी, हेही सांगाच. साध्या सुईने धागा तुटून निटला बारीक भोकं पडतात, आणि सरळ शिलाई पहिल्यांदा पाय घालतानाच तटकन तुटते.

धुताना उलटी करून, गार पाण्यात, नेहमीपेक्षा निम्मी पावडर. फॅब्रिक कंडिशनर अजिबात नको: त्याचा थर तंतूंवर बसतो आणि घाम शोषून पसरवायचं काम थांबतं. ब्लीच आणि कडक उष्णता स्पँडेक्सला मारतात. वाळवायची सावलीत, इस्त्री उलट्या बाजूने आणि एक टिंब असलेल्या खुणेवर, म्हणजे 110 अंशांच्या आत. फोर-वे कापडाला धुऊनही वास येत असेल तर दोष साबणाचा नाही. पॉलिएस्टर पाणी जवळजवळ धरत नाही, पण अंगाचं तेल घट्ट धरून ठेवतं. अर्ध्या बादलीत एक वाटी पांढरं व्हिनेगर घालून अर्धा तास भिजवा, मग नेहमीसारखी धुवा.

मुंबईच्या किंवा पुण्याच्या फॅशन स्ट्रीटवर एक्सपोर्ट सरप्लसचा माल स्वस्तात मिळतो, पण लेबल बऱ्याचदा कापलेलं असतं. घरी आणल्यावर आतल्या शिवणीजवळच्या कापडाचा एखादा धागा उसवा, चिमट्यात धरून वाटीवर जाळा. (शिवणीचा दोरा नको, तो वेगळ्याच तंतूचा असतो.) नुसता वितळून काळा कडक मणी झाला तर ते निव्वळ पॉलिएस्टर, ती पँट व्यायामाला ठेवा. जळक्या कागदाचा वास आला आणि मण्याबरोबर मऊ राखही उरली तर त्यात व्हिस्कोस किंवा कापूस आहे, ती ऑफिसच्या कपाटात जाऊ द्या.