श्रीलंकेला जावं की नको? परदेशी सरकारांच्या सुरक्षा-सूचना वापरून पाहिल्या, त्याचं परीक्षण

हॉटेलांची आणि टूरवाल्यांची परीक्षणं पुष्कळ सापडतात. मी ज्या सेवेबद्दल लिहितोय ती फुकट आहे, सगळ्यांना खुली आहे, आणि तरी आपल्याकडे तिकीट काढताना ती कुणी उघडून बघत नाही. बहुतेक सरकारं आपल्या नागरिकांसाठी देशोदेशीच्या सुरक्षिततेची माहिती प्रसिद्ध करतात. त्यालाच ट्रॅव्हल अ‍ॅडव्हायझरी म्हणतात. २०२४ च्या दिवाळीत आई, बायको आणि दोन्ही मुलींना घेऊन श्रीलंकेला जायचं की सहल रद्द करायची, हा निर्णय मी याच सूचनांवर घेतला. कुणाची सूचना किती उपयोगाची पडली, ते सांगतो.

माझा टेरी टॉवेलचा धंदा आहे, अक्कलकोट रोड एमआयडीसीत. माल बाहेर जातो, त्यामुळे कागद ओळ न् ओळ वाचायची सवय हाडात मुरली आहे. एलसीत, म्हणजे बँकेच्या पैसे देण्याच्या हमीपत्रात, एक शब्द इकडचा तिकडे झाला तरी बँक पैसे अडवून ठेवते. सूचनाही मी तशाच वाचल्या.

बेत असा होता. सोलापूरहून रेल्वेने चेन्नई, तिथून विमानाने कोलंबो. पुढे कँडी, मग नुवारा एलिया, कारण आईला सीता एलियाचं सीता अम्मन मंदिर बघायचं होतं. त्याच वर्षी मे महिन्यात तिथं कुंभाभिषेक झाला होता आणि तिने तो टीव्हीवर पाहिला होता. शेवटी मुलींसाठी बेंटोटाचा समुद्र. सगळं बुकिंग झालं, भाऊबीज उरकून निघायचं ठरलं, आणि २३ ऑक्टोबरला बातमी आली. कोलंबोतल्या अमेरिकी दूतावासाने जाहीर केलं, की अरुगम बे भागातल्या पर्यटनस्थळांवर हल्ला होण्याची विश्वासार्ह माहिती मिळाली आहे, नागरिकांनी तो भाग टाळावा. इस्राएलने तर आपल्या लोकांना तिथून ताबडतोब निघायला सांगितलं.

टीव्हीवर पट्टी फिरायला लागली तसे फोन सुरू झाले. अक्कलकोटची आत्या म्हणाली, "अरे, लेकरं घेऊन कुठं निघालायस? पैसे गेले तर गेले की." बायको काही बोलली नाही, पण सुटकेस पुन्हा कपाटावर गेली. आत्याची काळजी मला खोटी वाटली नाही. २१ एप्रिल २०१९, ईस्टरचा रविवार, कुणी कसा विसरेल? श्रीलंकेत बॉम्बस्फोट झाले: तीन चर्च आणि कोलंबोतली शांग्री-ला, सिनेमन ग्रँड, किंग्सबरी ही तीन मोठी हॉटेलं. २५० च्या वर माणसं गेली, त्यांत ११ भारतीय. सकाळी हॉटेलात नाश्त्याला बसलेली माणसं होती ती. आपणही सहलीला गेलो की तेच करतो.

मग दुकान बंद झाल्यावर बसून मी एकेका देशाचं पान वाचायला घेतलं.

अमेरिकेची पद्धत समजायला सगळ्यांत सोपी. चार पायऱ्या आहेत: पहिली म्हणजे नेहमीची काळजी घ्या, दुसरी म्हणजे जास्त सावध राहा, तिसरी म्हणजे जाण्याचा फेरविचार करा, चौथी म्हणजे जाऊच नका. कारणही लिहिलेलं असतं, दहशतवाद, गुन्हेगारी, दंगल असं. श्रीलंका तेव्हा दुसऱ्या पायरीवर होती. आपला भारतही त्यांच्या यादीत दुसऱ्याच पायरीवर आहे. हे बायकोला दाखवलं तेव्हा ती पहिल्यांदा नीट ऐकायला बसली. १३ फेब्रुवारी २०१० ला पुण्यात जर्मन बेकरीत स्फोट झाला, १७ माणसं गेली. माझी बहीण तेव्हा पुण्यातच शिकत होती. आम्ही तिला परत बोलावलं नाही, तिला काय काय टाळायचं ते सांगितलं. परदेशाचं नाव निघालं की हाच विचार आपल्याला का सुचत नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

पण या पायरीच्या आकड्यात एक उणीव आहे. तो सगळ्या देशाला एकच लागतो. खरी कामाची माहिती दूतावासाच्या त्या छोट्या निवेदनात होती: जागा कोणती, धोका कशाला, आणि दूतावासाने स्वतःच्या कर्मचाऱ्यांना तिथं जायला बंदी केली आहे का. केली होती. स्वतःच्या माणसांना ते कुठं पाठवत नाहीत, हे मी सगळ्यांत आधी बघतो. जबाबदारी अंगावर असलेला माणूस तिथं उगाच अक्षर खर्च करत नाही.

ब्रिटनचं पान मला सगळ्यांत आवडलं. नकाशावर रंग दिलेले असतात, त्यामुळे देशाचा कुठला कोपरा टाळायचा ते एका नजरेत कळतं. दहशतवादाला एक भाग, प्रादेशिक धोक्यांना वेगळा, आरोग्याला वेगळा, आणि विम्याचा मुद्दा अगदी वरच. श्रीलंकेच्या पानावर दहशतवादाबरोबर रस्त्यावरचे अपघात, समुद्राची ओढ, डेंग्यू हेही होतं. आईचं वय बघता डेंग्यूचा परिच्छेद आमच्या जास्त कामाचा निघाला. ईमेल देऊन ठेवला की पान बदललं तेव्हा कळवतात, ही सोय फार मोलाची. ऑस्ट्रेलियाचं पानही स्वच्छ आहे, पण ब्रिटनचं वाचल्यावर त्यात मला नवीन काही मिळालं नाही.

इस्राएलची सूचना वाचताना मी सगळ्यांत जास्त वेळ अडकलो. अरुगम बे पूर्व किनाऱ्यावर, अंपारा जिल्ह्यात. सर्फिंग करणाऱ्यांचं ठिकाण, इस्राएली तरुण तिथं खूप जातात. आमचा तिकडे जायचा विचारच नव्हता. पण इस्राएलने नुसतं अरुगम बे नव्हे, दक्षिण आणि पश्चिम किनाराही सर्वांत वरच्या धोक्यात टाकला होता, आणि बेंटोटा त्याच पट्ट्यात येतं. मेव्हणा म्हणाला, "भावजी, ती सूचना त्यांच्या लोकांसाठी आहे, तुम्ही कशाला मनावर घेताय?" मला ते पटलं नाही. २०१९ मध्ये बॉम्बने पासपोर्ट विचारला नव्हता. निशाणा कुणीही असो, शेजारच्या टेबलावर आपली मुलगी असू शकते.

आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचं वाचणं तर कर्तव्यच आहे. त्यांच्या सूचना तुलनेने मोजक्या आणि प्रसंगानुसार येतात. २०१९ च्या स्फोटांनंतर त्यांनी गरज नसेल तर श्रीलंकेला जाऊ नका, असं स्पष्ट सांगितलं होतं. आपली कॉन्सुलेटची मदत शेवटी तिथूनच येणार, म्हणून कोलंबोतल्या भारतीय उच्चायुक्तालयाचे नंबर मी दोन्ही मोबाइलमध्ये आणि एका कागदावर लिहून आईच्या पर्समध्ये ठेवले.

यापुढचा मुद्दा कुठल्याही पानावर सरळ लिहिलेला नसतो, तो आपल्यालाच शोधावा लागतो: इशारा मिळाल्यावर तिथलं सरकार काय करतंय? २०१९ मध्ये इशारा नव्हता असं नाही. ४ एप्रिललाच भारताच्या गुप्तचर यंत्रणेने श्रीलंकेला कळवलं होतं. कुणी हललं नाही. पुढे जानेवारी २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मैत्रीपाल सिरिसेना यांना १० कोटी श्रीलंकी रुपये भरपाई द्यायला लावली, ती याच हलगर्जीबद्दल. २०२४ ला चित्र वेगळं होतं. पोलिसांनी अरुगम बेचा बंदोबस्त वाढवला, संशयितांना अटक झाली, आणि सरकार उघडपणे बोललं. इशारा दिसतोय, म्हणजे कुणीतरी पाहतंय. मला भीती दाबून ठेवलेल्या इशाऱ्याची जास्त वाटते.

विम्याचा कागद याच वेळी बाहेर काढला. पॉलिसी मी तिकिटांबरोबरच घेतली होती, बातमीच्या बरीच आधी, आणि हे महत्त्वाचं ठरलं, कारण आधीच माहीत असलेल्या घटनेला आमच्या पॉलिसीत संरक्षण नव्हतं. नुसत्या भीतीपोटी सहल रद्द केली तर एक पैसा मिळणार नाही, हेही त्यात होतं. आणि सरकारने जाऊ नका म्हटलेल्या भागात गेलो तर क्लेम नाही. म्हणजे सूचना आणि विमा एकमेकांना बांधलेले आहेत. हॉस्पिटलचा खर्च दहशतवादी घटनेतही मिळेल का, हे मी कंपनीकडून ईमेलवर लेखी मागितलं. फोनवरच्या "हो हो, कव्हर आहे साहेब"वर मी जात नाही.

अखेर ठरलं ते असं: जायचं, पण बेंटोटा काढायचं. तो वेळ नुवारा एलियाला द्यायचा. कोलंबोत मुक्काम नाही, कटुनायकेच्या विमानतळावरून थेट कँडी. धाकटी दोन दिवस रुसली. आईने तिला जवळ घेऊन सांगितलं, "समुद्र कुठं पळून जात नाही, पुढच्या वर्षी गणपतीपुळ्याला जाऊ."

तिथं गेल्यावर कागदावरचं प्रत्यक्षात पाहिलं. कँडीच्या दंतमंदिरावर, म्हणजे बुद्धाचा दात जपलेल्या मंदिरावर, १९९८ च्या जानेवारीत एलटीटीई या तमिळ बंडखोर संघटनेने ट्रकबॉम्ब फोडला होता. आता दारातच तपासणी, बायकांची रांग वेगळी. महिला पोलिसाने आईच्या पिशवीतला शेंगाचटणीचा पुडा काढला, गाठ सोडली, चिमूट बोटावर घेऊन वास घेतला, मग चिमूट परत पुड्यात झटकून गाठ होती तशीच घट्ट मारून दिली. घाई नाही, अरेरावी नाही. मागे रांग वाढली तरी तिने पुढच्या पिशवीचाही प्रत्येक कप्पा उघडला. आई मला म्हणाली, "नीट बघतीय रे ही." त्या दिवसापासून बायकोही मोकळी फिरायला लागली.

परतताना नेगोंबोचं सेंट सेबॅस्टियन चर्च पाहिलं. २०१९ मध्ये एकट्या या चर्चमध्ये शंभराहून जास्त माणसं गेली. मुलींना न्यावं की नाही यावर आमचं दोघांचं बोलणं झालं, आणि नेलं. थोरलीने स्मारकावरची नावं वाचली, एकाच आडनावाची किती आहेत ते मोजलं, आणि गाडीत बसल्यावर विचारलं, "बाबा, यांना कुणी आधी सांगितलं नव्हतं?" तिला जेवढं कळेल तेवढं सांगितलं.

आम्ही परतलो, आणि १३ नोव्हेंबरला अमेरिकी दूतावासाने ती सूचना मागे घेतली.

गुणच द्यायचे तर ब्रिटनच्या पानाला पाचपैकी साडेचार, अमेरिकेला चार. इस्राएलचं पान गुणांसाठी नाही, पण निशाणा कोण आहे हे कळण्यासाठी बघावंच. आपल्या मंत्रालयाकडून मला एकच हवंय: जिल्हावार नकाशा, आणि तो हिंदी-मराठीत. माझ्या आईला स्वतः वाचता आला पाहिजे.

आता मेव्हण्याला इजिप्त बघायचंय. त्याला मी ब्रिटनचा नकाशा पाठवलाय. उत्तर सिनाई वेगळं, लक्सर-आस्वान वेगळं, हे आधी बघ, १९९७ ला लक्सरला पर्यटकांवर हल्ला झाला, त्याबद्दल वाच, विमा तिकिटाच्या दिवशीच घे आणि ईमेलची सूचना आजच चालू कर, असं सांगितलंय. बुकिंगचे पैसे त्याने अजून भरलेले नाहीत.