जर्मन खाणकामगारांची फेल्ट टोपी: सेफ्टी वीकसाठी मागवली, पाचात साडेतीन स्टार

रबाळे एमआयडीसीत एका कंपनीत सेफ्टी बघतो मी. ४ मार्च आला की तीच पोस्टर्स, तीच शपथ, तीच क्विझ (१९६६ ला ह्याच तारखेला नॅशनल सेफ्टी कौन्सिल सुरू झाली, ऑफिस आपल्या बेलापूरलाच आहे). यंदा म्हटलं स्टॉलवर लोकांना हातात घेऊन बघता येईल असं काहीतरी ठेवूया, म्हणून जर्मनीतल्या मावसभावाच्या मागे लागून शाख्टहूट मागवली, म्हणजे तिकडचे जुने खाणकामगार घालायचे ती टोपी.

माल कसा आहे? भारी आहे. जाड, कडक, हिरवा फेल्ट (लोकर दाबून केलेलं कापड), काठ नाही, पूर्वी धान्य मोजायची अधोली उलटी ठेवावी तसा आकार. समोर हातोडा आणि छिन्नी एकमेकांवर तिरपे ठेवलेला पितळी बिल्ला, तो त्यांच्या खाणकामाचा खूण-शिक्का. शिलाई एक नंबर, आत घामासाठी चामड्याची पट्टी. पण बिल्ल्याची पिन आली तीच ढिली, विकणाऱ्याला मेल टाकला तर उत्तर शून्य, शेवटी आमच्या मेंटेनन्सवाल्या दादांनीच फेव्हीक्विक लावून दिलं. त्याचा अर्धा स्टार कापला. दुसरा एक कापला कस्टम ड्युटीमुळे, त्यात टोपीचा काही दोष नाही पण खिशाला लागलंच ना.

आता असली टोपी खाणीत फक्त शो-पीस म्हणून शोभते. जर्मनीतल्या फ्रायबर्गला ११६८ मध्ये चांदी सापडली तेव्हापासून तिथे लोक शेकडो वर्षं खणत होते, आधी डोक्यावर नुसती कापडी कुंची असायची (परीकथेतल्या बुटक्यांची टोकदार टोपी आठवा), फेल्ट नंतर आला. बुटक्या बोगद्यात छताला डोकं आपटलं किंवा वरून खडा पडला तर तेवढ्यापुरता उपयोग. मोठा दगड आला की विषय संपला. सोबत पार्श्वभागावर बांधायचं चामडंही असायचं, ओल्या दगडावर बसायला, हे सांगितल्यावर स्टॉलवर जो हशा पिकला तो काही विचारू नका. जर्मनीत दगडी कोळशाची शेवटची खाण २०१८ च्या डिसेंबरमध्ये बंद झाली, बोट्रोपला. टोप्या आता मुख्यतः ख्रिसमसच्या आधी होणाऱ्या परेडमध्ये दिसतात, आनाबेर्ग-बुखहोल्त्स वगैरे गावांत पूर्ण गणवेशात बँड लावून निघतात लोक.

मला ज्यासाठी हवी होती ते काम मात्र झालं. टोपी डोक्याला चिकटून बसते, म्हणजे वरून ठोकलं की धक्का थेट कवटीला. आपल्या आयएस २९२५ (कारखान्यातल्या हेल्मेटचं भारतीय मानक) वाल्या हेल्मेटमध्ये कवच आणि डोकं यांच्यात मोकळी जागा असते, ती आतल्या पट्ट्यांच्या हारनेसमुळे, धक्का तिथे वाटला जातो. हे मी किती वर्षं स्लाइडवर दाखवतोय, कोण ऐकतंय! इथे एका फिटरने टोपी घालून वरून बुक्की मारून बघितली, लागलं, मग गुपचूप स्वतःचं हेल्मेट उलटं केलं तर हारनेसच्या दोन क्लिपा निघालेल्या आणि आत रुमाल कोंबलेला. "टोचतं हो साहेब उन्हाळ्यात." बदलून दिलं लगेच स्टोअरमधून.

घेणार असाल तर डोक्याचा घेर टेपने मोजून एक साइज मोठीच सांगा, फेल्ट अजिबात ताणत नाही. उन्हाळ्यात पाच मिनिटंही घालवत नाही. आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशी आणि कसर दोन्हीची भीती, त्यामुळे धुवायची नाही, सुक्या ब्रशने झटकायची, डांबराच्या गोळ्या टाकून बंद डब्यात ठेवायची. साइटवर घालून फिरायचा विचार असेल तर कृपया नको, ऐरोलीच्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानातून आयएसआय मार्कवालं हेल्मेट घ्या.