सशाची मान वाकडी झाली म्हणून इथे आलो (४ स्टार)

आमचा बाब्या, ससा, वय ४, वजन पावणेदोन किलो. एका सकाळी बघतो तर पिंजऱ्यात गडगडा लोळतोय, मान एका बाजूला पार पिळलेली आणि डोळे आडवे टकटक टकटक हलतायत. आई म्हणाली नजर लागली. घराजवळच्या डॉक्टरांनी लांबूनच बघून सांगितलं की अर्धांगवायू आहे, ससे असेच जातात, ४०० रुपये. मग कोणीतरी हे क्लिनिक सुचवलं.

इथल्या मॅडमनी आधी टॉवेलची गोल चुंबळ करून त्याला त्यात बसवलं म्हणजे लोळणं थांबलं, मग दोन्ही कान दुर्बीण घालून बघितले कारण कानाच्या आतल्या इन्फेक्शननेही मान अशीच वाकडी होते म्हणे. कान साफ निघाले. मग म्हणाल्या ई क्युनिक्युली असणार. दोन-अडीच मायक्रॉनचा परजीवी, सशाच्या लघवीतून पसरतो, पिल्लाला बऱ्याचदा आईकडूनच लागतो आणि किडनीत नाहीतर मेंदूत जाऊन बसतो. शरीराची इम्युनिटी त्याला दाबून ठेवते पण पूर्ण हाकलून देईलच असं नाही, त्यामुळे वर्षानुवर्षं काहीच दिसत नाही आणि मग एक दिवस पेशी फुटतात, तिथे सूज येते आणि मान वाकडी.

रक्ताचा रिपोर्ट यायला नऊ दिवस लागले पण त्यांनी औषध त्याच दिवशी चालू केलं. फेनबेंडाझोल, किलोमागे २० मिलिग्रॅम, रोज एकदा, २८ दिवस. हे जंताचं औषध आहे आणि हा तर जंत नाहीच, आता त्याला बुरशीच्या भाऊबंदांत धरतात, पण लागू पडतं. मध्ये एकदा रक्त तपासलं कारण या औषधाने कधीकधी रक्तपेशी कमी होतात.

मला सगळ्यात आवडलं ते रिपोर्ट समजावणं. बाब्याचे आयजीएम (इन्फेक्शनच्या सुरुवातीला बनणारी अँटिबॉडी) आणि आयजीजी (नंतर बनून बराच काळ टिकणारी अँटिबॉडी) दोन्ही पॉझिटिव्ह, म्हणजे लढाई आत्ता चालू असण्याची शक्यता जास्त. आमची दुसरी ससुली चिमी, तिची फक्त आयजीजी पॉझिटिव्ह आणि ती सोफ्याखाली मजेत वायर कुरतडतेय. मॅडम म्हणाल्या अँटिबॉडी म्हणजे शरीराची त्याच्याशी गाठ पडलीये एवढंच, आजार आहेच असं नाही, बाकी खरी मारामारी टी पेशी (रक्तातल्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) करतात. चिमीला औषध दिलं नाही, फक्त लक्ष ठेवा म्हणाल्या. दुसरा कोणी असता तर दोघांचं बिल लावलं असतं!

सासऱ्यांची केमो चालू आहे म्हटल्यावर त्यांनी स्वतःहून सांगितलं की पिंजरा त्यांना साफ करू देऊ नका, माणसाची इम्युनिटी कमी असेल तर त्यालाही हा परजीवी लागू शकतो. ट्रे उकळत्या पाण्याने धुवायचा.

पहिला आठवडा सिरिंजने भरवलं, रात्री २ वाजता पण, कारण सशाचं पोट रिकामं राहिलं की आतडं थांबतं आणि तेच त्याला घेऊन जातं. अकराव्या दिवशी त्याने माझ्या हातातली कोथिंबिरीची काडी स्वतः ओढली. मान अजून थोडी कललेली आहे, ती पूर्ण सरळ होईलच असं नाही हे मॅडमनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं.

एक स्टार कापला तो फोनसाठी, संध्याकाळी ७ नंतर कोणी उचलतच नाही. आणि वेटिंगमध्ये कुत्री-मांजरं सगळी एकत्र असतात तेव्हा सशाच्या बास्केटवर चादर टाकूनच न्या.