खांद्याचं लिगामेंट: सिंथेटिक पट्टी की स्वतःचं टेंडन?

माझ्या धाकट्या भावाचा बाईकवरून पडून एसी जॉइंट (कॉलरबोन आणि खांद्याच्या फऱ्याचा सांधा) गेला, म्हणजे कॉलरबोनला खाली धरून ठेवणारी लिगामेंट्स (हाडाला हाडाशी बांधणारे पट्टे) तुटून तिचं बाहेरचं टोक वर उचललं गेलं नि खांद्यावर टेंगूळ आल्यासारखं दिसायला लागलं. सर्जननी दोन पर्याय सांगितले, सिंथेटिक पट्टी किंवा स्वतःचंच टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी), आणि घरात सगळ्यांचा एकच प्रश्न, बाहेरची वस्तू अंगात टाकली तर शरीर ती घेईल का? प्रश्न बरोबर आहे पण अर्धाच, कारण स्वतःचं टेंडनसुद्धा शरीर जसंच्या तसं घेत नाही.

आधी एक सांगते. या दुखापतीची तीव्रता रॉकवूड टाइप १ ते ६ अशी मोजतात. टाइप १ आणि २ ला सहसा ऑपरेशन लागतच नाही, ३ वर डॉक्टरांमध्येच मतभेद आहेत, ४ ते ६ ला बहुतेक वेळा करतात. खालचं सगळं ऑपरेशन ठरलेल्यांसाठी.

सिंथेटिक म्हणजे लार्स, सर्जिलिग वगैरे. दोन्ही पॉलिएस्टरच, कॉलरबोनला खालच्या कॉराकॉइडशी (फऱ्याच्या हाडाचं पुढे आलेलं टोक) बांधून ठेवणारी विणलेली पट्टी. ती आत गेली की आधी रक्तातली प्रोटीन्स तिला चिकटतात, मग मॅक्रोफेज, म्हणजे परक्या वस्तू खाणाऱ्या पेशी येतात, त्यांना ती खाता येत नाही, मग त्यातल्या काही एकमेकींत मिसळून मोठ्या जायंट सेल्स बनतात आणि धाग्यांच्या मधून हळूहळू कोलॅजेन (लिगामेंट आणि व्रण ज्याचे बनतात ते प्रोटीन) भरत जातं. बरेच जण यालाच 'लिगामेंट उगवलं' म्हणतात, मला ते पटत नाही, तो मुख्यतः व्रणासारखा टिश्यू असतो आणि ताण बराचसा धागाच घेत राहतो. धागा झिजला तर तो स्वतःला दुरुस्त करू शकत नाही.

गुडघ्याच्या गोष्टी ऐकून लोक घाबरतात. १९८० च्या दशकात कार्बन, गोर-टेक्स, डेक्रॉनची लिगामेंट्स गुडघ्यात बसवली, कण सुटले, सांध्याचं अस्तर सुजलं, कार्बनचे कण तर लिम्फ नोडपर्यंत सापडले. सगळं खरं, पण एसीएल, म्हणजे गुडघ्यातलं जे लिगामेंट तेव्हा बदललं जायचं ते, सांध्याच्या आत असतं आणि कॉराकॉइड ते कॉलरबोनची लिगामेंट्स सांध्याच्या बाहेर, त्यामुळे ती भीती जशीच्या तशी इथे लावू नका. इथला धोका वेगळा आहे, पट्टी हाडाच्या कडेवर घासत राहते आणि हाड कापलं जाऊ शकतं, जुन्या डेक्रॉनच्या वेढ्यांनी कॉलरबोन झिजल्याच्या केसेस आहेत. आणि इन्फेक्शन झालं तर विणलेल्या धाग्यात जंतू घर करून बसतात, मग बऱ्याचदा पट्टीच काढावी लागते.

आता ग्राफ्ट, म्हणजे बहुतेक वेळा मांडीच्या मागचं हॅमस्ट्रिंग टेंडन. ते खांद्यात लावलं की त्यातल्या बऱ्याच पेशी आधी मरतात! मग नव्या रक्तवाहिन्या शिरतात, नव्या पेशी येतात, कोलॅजेन परत रचलं जातं, आणि या मधल्या काळात ग्राफ्ट सुरुवातीपेक्षा कमजोर असतं. ग्राफ्ट ओवायला हाडात पाडलेल्या भोकात, म्हणजे बोगद्यात, ते धरायलाच साधारण ८ ते १२ आठवडे, पूर्ण बदल व्हायला वर्ष किंवा जास्त. ते सैल पडू शकतं, मांडीला वेगळी जखम होते, आणि बोगदा पाडल्यामुळे हाड मोडायचा धोकाही असतो. पण एकदा जगलं की ते जिवंत असतं, ताणाप्रमाणे स्वतःला घडवतं, आणि पट्टीकडे ही गोष्ट कधीच येत नाही.

माझ्या मते निर्णय पहिल्या ३ आठवड्यांवर फिरतो. दुखापत ताजी असेल तर तुटलेल्या लिगामेंटची टोकं अजून जुळू शकतात, त्यांना फक्त जागेवर धरून ठेवणारं काहीतरी हवं, तिथे सिंथेटिक पट्टी किंवा हाडावर अडकणारं छोटं धातूचं बटण लावलेला मजबूत धागा छान काम करतो. जुनी असेल तर जुळायला काही उरलेलं नसतं, एकट्या धाग्यावर जन्मभर भार टाकण्यापेक्षा ग्राफ्ट बरं, आणि बरेच सर्जन ग्राफ्ट कमजोर असेपर्यंत सोबतीला धागाही लावतात. सर्जनला नक्की विचारा की पट्टी हाडावरून जाणार की बोगद्यातून, आणि पुढे काढायची वेळ आली तर कशी काढणार.

आम्ही तीन महिने उशिरा गेलो होतो म्हणून भावाला ग्राफ्ट आणि धागा दोन्ही लावलं. ६ आठवडे स्लिंग होती. दोन महिन्यांनी दुखणं गेलं आणि पठ्ठ्या सिलेंडर उचलायला निघाला, नेमक्या त्याच दिवसांत जेव्हा ग्राफ्ट कमजोर असतं. आईने हात धरून थांबवला म्हणून बरं.