सरकारी एआरटी केंद्र: वर्षभराचा आमचा अनुभव

दापोलीकडून पहाटेची एसटी धरून मी वर्षभर धाकट्या भावाला सरकारी एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे, नेतेय. तो होडीवर खलाशी. गेल्या ऑगस्टला होड्या समुद्रात गेल्या तेव्हा हा घरात पडून, वजन ४१ किलो. त्याआधी एका खासगी दवाखान्यात दोन महिने नुसतं खोकल्याचं औषध चाललं. थुंकीत जंतू दिसले नाहीत, म्हणजे टीबी नाही, असं सांगून मोकळे झाले. एचआयव्ही आहे हे सांगूनही!

केंद्रात पहिल्याच दिवशी थुंकी सीबीनॅटला पाठवली, म्हणजे जंतूंच्या जनुकावरून टीबी ओळखणाऱ्या तपासणीला. टीबी निघाला. समुपदेशक ताईंनी केसपेपरच्या पाठीवर गडगा, म्हणजे चिऱ्यांचं कुंपण, काढला. म्हणाल्या, "टीबीचे जंतू कितीतरी जणांच्या छातीत असतात. शरीर त्यांच्याभोवती पेशींचा असा गडगा रचून त्यांना कोंडतं. तो राखायचं काम सीडी४ पेशींचं, म्हणजे रोगांशी लढणाऱ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींचं, आणि एचआयव्ही नेमका त्यांनाच मारतो. चिरे निखळले की जंतू मोकाट. वर टीबीशी लढायला ज्या पेशी जाग्या होतात, त्यांच्यातच एचआयव्ही जोरात वाढतो." भावाचा सीडी४चा आकडा होता ६८, फारच कमी. थुंकी आधी फसवी का निघाली तेही तेव्हा कळलं. गडगाच धड नसला की फुप्फुसात पोकळी पडत नाही, मग जंतू थुंकीत कमी उतरतात.

आधी टीबीच्या गोळ्या, दोन आठवड्यांनी एचआयव्हीच्या. टीबीच्या रिफाम्पिसिन या औषधामुळे एचआयव्हीच्या डोल्युटेग्राविर या गोळीचा जोर कमी पडतो, म्हणून ती दिवसातून दोनदा. पुढे तिसऱ्या आठवड्यात मानेवर लिंबाएवढी गाठ, ताप १०२. घरात सगळे म्हणाले, गोळ्या बाधल्या, बंद कर. पण ताईंनी आधीच बजावलेलं: "सीडी४ वाढायला लागल्या की जंतूंवर एकदम तुटून पडतात, त्यानं ताप येऊ शकतो. गोळ्या सोडायच्या नाहीत, इकडे यायचं." गेलो. डॉक्टरांनी गाठीत सुई घालून तपासायला घेतलं, गोळ्या तशाच चालू ठेवल्या. पंधरा दिवसांत ताप उतरला. त्या दिवशी गोळ्या थांबवल्या असत्या तर, हा विचार मला अजून झोपू देत नाही.

रांग मोठी असते, पेजेचा डबा सोबत न्यावा. औषधं, तपासण्या फुकट. नाव मोठ्यानं पुकारत नाहीत, नंबरच घेतात. आमच्यासारख्यांना त्याची किंमत कळते.

टीबीचे सहा महिने पुरे झाले. सीडी४ आता २१२, वजन ५३. या ऑगस्टला भाऊ होडीवर गेला. गोळ्यांची डबी मी प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत बांधून दिली, खारं पाणी लागू नये म्हणून.